‘चेक इंजिन’ दिव्याची उघडझाप : अर्थ, निदान आणि उपाय

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा जो पिवळा किंवा नारिंगी दिवा असतो, त्यास बोलीभाषेत ‘चेक इंजिन’चा दिवा म्हणतात. हा दिवा दोन प्रकारे पेटतो आणि या दोन प्रकारांचे अर्थ वेगळे आहेत. तो स्थिर पेटलेला असेल, तर इंजिन किंवा धूरनियंत्रणाच्या यंत्रणेत दोष नोंदवला गेला आहे आणि काही दिवसांत तपासणी करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ होतो. पेट्रोल मोटार चालू असताना तो लुकलुकू लागला, तर मात्र इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही आणि त्यामुळे धुराच्या मार्गातील एक महागडा भाग त्या क्षणी तापून खराब होत आहे, असा इशारा त्यातून मिळतो. पहिल्या प्रकारात वेळ हाताशी असतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक किलोमीटरबरोबर दुरुस्तीचा खर्च वाढत जाण्याचा धोका असतो. हा भेद ठाऊक नसल्यामुळे काही जण स्थिर दिव्याने घाबरतात आणि लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष करून घरापर्यंत गाडी रेटतात.

दिव्यामागची यंत्रणा

इंजिनाचा कारभार चालवणाऱ्या संगणकास ‘ईसीयू’ म्हणतात. हा संगणक स्वतःच्या संवेदकांवर लक्ष ठेवतो, दोष आढळल्यास तो सांकेतिक क्रमांकाने स्मृतीत साठवतो आणि दिवा पेटवतो. या व्यवस्थेचे नाव ‘ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स’, संक्षेपाने ‘ओबीडी’. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून तिचे ‘ओबीडी-२’ हे प्रमाणित रूप सक्तीचे झाले. भारतात भारत स्टेज ४ मानकांबरोबर २०१० पासून तिचा पहिला आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आल्यावर ही देखरेख अधिक काटेकोर झाली. त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांतील बहुतेक पेट्रोल मोटारींत सिलिंडरमधील अपुरे ज्वलन ओळखण्याची सोय असते.

ही ओळख पटवण्याची रीत साधी आहे. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीचा वेग एक संवेदक सतत मोजत असतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा इंधन पेटते आणि प्रत्येक वेळी क्रँकशाफ्टला किंचित धक्का मिळतो. एखादा धक्का चुकला की चकतीचा वेग क्षणभर मंदावतो. कोणत्या सिलिंडरच्या पाळीला तो मंदावला, हे संगणकाला कळते आणि त्याची मोजदाद होते. या चुकलेल्या ज्वलनास तांत्रिक भाषेत ‘मिसफायर’ म्हणतात. आपल्याकडील मेकॅनिक त्यालाच ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणतात.

थोड्या प्रमाणातील मिसफायरमुळे धूर वाढतो आणि दिवा स्थिर पेटतो. कन्व्हर्टरला इजा होईल इतके प्रमाण झाले आहे का, याचा हिशेब मात्र क्रँकशाफ्टच्या दर २०० फेऱ्यांमागे मांडला जातो. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या गतीत हे २०० फेरे अवघ्या सहा सेकंदांत पुरे होतात. हे प्रमाण ओलांडले गेले की दिवा साधारणतः सेकंदाला एकदा उघडझाप करू लागतो. चालकाने पाय हलका केला की भार कमी होतो आणि अनेकदा उघडझाप थांबून दिवा स्थिर होतो. काही मोटारींत संगणक दोषी सिलिंडरचे इंधनच बंद करतो, त्यामुळेही असे घडते. मात्र उघडझाप थांबली म्हणून दोष मिटला असे समजू नये.

नुकसान कशाचे होते?

इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडे जाण्यापूर्वी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे उत्प्रेरक परिवर्तक, या डब्यातून जातो. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची, बहुधा सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिपातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणे हे त्याचे काम. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसला तो कामाला लागतो आणि एरवी साधारण ४०० ते ८०० अंशांच्या टप्प्यात काम करतो.

सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की तिथले पेट्रोल आणि हवेतील प्राणवायू दोन्ही न वापरता तसेच बाहेर पडतात आणि तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतात. म्हणजे जे ज्वलन इंजिनात व्हायला हवे, ते या डब्यात होते. तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते. आधी धातूंचा थर निकामी होतो, मग जाळी तडकते किंवा वितळून छिद्रे बुजतात. छिद्रे बुजली की धुराला वाट उरत नाही, इंजिन गुदमरते आणि चढावर गाडी ओढत नाही. मूळ दोष काही शे रुपयांच्या स्पार्क प्लगचा किंवा एक-दोन हजारांच्या इग्निशन कॉइलचा असू शकतो, पण अस्सल कन्व्हर्टरचा खर्च अनेक मोटारींत दहा हजारांच्या पटींत जातो. लुकलुकणाऱ्या दिव्याची घाई या तफावतीसाठी असते.

पहिली पाच मिनिटे

दिवा लुकलुकू लागताच ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा, वातानुकूलन बंद करावे आणि इंजिनाचे फेरे कमी राहतील असे पाहावे. ओव्हरटेक करण्याचा किंवा चढ वेगाने घेण्याचा मोह टाळावा. मागील वाहनांना इशारा देऊन सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी. चोर्ला किंवा अनमोडसारख्या घाटात वळणावर थांबणे हे मिसफायरपेक्षाही धोक्याचे. तेथे कमी गतीने पुढच्या रुंद जागेपर्यंत जाणेच शहाणपणाचे.

थांबण्याची जागा निवडताना आणखी एक काळजी घ्यावी. कन्व्हर्टर काही मोटारींत मजल्याखाली, तर अनेक नव्या मोटारींत इंजिनालगत असतो. दोन्ही प्रकारांत खालून जाणारे नळकांडे कमालीचे तापलेले असते. डिसेंबरनंतर वाळलेल्या सड्यांवरील गवतात किंवा काजूच्या बागायतीकडेच्या पाचोळ्यावर अशी गाडी उभी केल्यास आग लागू शकते. डांबरी किंवा उघड्या मातीची जागाच निवडावी.

गाडी थांबल्यावर इंजिन बंद करावे. तापमानाचा काटा आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा पाहावा. यांपैकी कशानेही धोका दाखवला असेल, बॉनेटमधून पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा धूर दिसत असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करू नये. तसे काही नसेल, तर काही मिनिटांनी सुरू करून पाहावे. उघडझाप थांबली असेल आणि इंजिन समतोल चालत असेल, तर कमी गतीने जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल. इंजिन थरथरत असेल, झटके देत असेल आणि दिवा लुकलुकतच असेल, तर क्रेन किंवा रोडसाइड असिस्टन्सची मदत घ्यावी. बंद पडलेली गाडी ढकलून सुरू करण्याची जुनी सवय इथे घातक ठरते, कारण न पेटलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाते.

दिवा लुकलुकला तेव्हा नेमके काय चालले होते, हे तेवढ्यात टिपून ठेवावे. इंजिन गार होते की तापलेले, चढ होता की सपाट रस्ता, नुकतेच पेट्रोल भरले होते का, पाऊस किंवा साचलेले पाणी होते का, टाकीत इंधन किती होते, या उत्तरांनी निदानाचा निम्मा रस्ता सरतो.

मिसफायर का होतो?

ज्वलनाला तीन गोष्टी लागतात. योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन व हवा, आणि मिश्रण नीट दाबले जाणे. यांपैकी एकीत खोट आली की मिसफायर होतो.

ठिणगीचे दोष सर्वाधिक आढळतात. स्पार्क प्लगची टोके झिजून अंतर वाढते, त्याच्या चिनीमातीला तडा जातो किंवा इग्निशन कॉइल तापून निकामी होते. आधुनिक मोटारींत बहुधा प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्याने एक कॉइल गेली की एकच सिलिंडर बंद पडतो. गोव्याच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात प्लगच्या खोबणीत पाणी शिरणे, जोडणीच्या पिनांवर गंज चढणे हे नेहमीचे आहे. इंजिनावर दाबाच्या पाण्याचा फवारा मारून धुतल्यानंतर लगेच गाडी मिसिंग करू लागली, तर आधी याच जागा पाहाव्यात. इंजिनाच्या वरच्या झाकणाचे गॅस्केट झिजल्यास खोबणीत तेल उतरते आणि कॉइलचे रबरी टोक सडते. अशा वेळी गॅस्केट न बदलता केवळ कॉइल बदलली, तर नवी कॉइलही फार दिवस टिकत नाही. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली येणारे उंदीर तारा कुरतडतात, हेही कारण विसरू नये.

इंधन आणि हवेच्या दोषांत तुंबलेला इंजेक्टर, मंदावलेला पंप, चोंदलेला फिल्टर आणि भेसळीचे किंवा पाणीमिश्रित पेट्रोल येते. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. इंधन भरल्यानंतर काही किलोमीटरांतच सर्व सिलिंडर एकदम मिसिंग करू लागले, तर संशय इथे न्यावा. हवेच्या बाजूस एखादी रबरी नळी फाटली किंवा इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट गळू लागले, तर मोजणीबाहेरची हवा आत शिरते. हा दोष गाडी उभी असताना, संथ आयडलिंगवर जास्त जाणवतो आणि कधी कधी सुस्काऱ्यासारखा आवाज येतो.

तिसरा गट यांत्रिक दोषांचा. जळालेला व्हॉल्व्ह, झिजलेल्या रिंगा, हेड गॅस्केटची गळती, टायमिंगची साखळी किंवा पट्टा सरकणे ही त्यांची उदाहरणे. हे दोष तुलनेने विरळ, पण खर्चिक असतात. कूलंट वारंवार कमी होत असेल आणि सकाळी सुरू करताना पांढरा धूर बराच वेळ येत असेल, तर हेड गॅस्केटची शक्यता आधी तपासावी.

निदानाचा क्रम

निदानाची पहिली पायरी म्हणजे साठवलेला कोड वाचणे. चालकाच्या बाजूस, बहुधा स्टिअरिंगखाली, १६ पिनांचा एक सॉकेट असतो. गॅरेजमधील स्कॅनर त्यालाच जोडतात. मोबाइलशी ब्लूटूथने बोलणारी लहान उपकरणेही बाजारात मिळतात आणि मूळ कोड वाचण्यास ती पुरेशी असतात. लुकलुकणाऱ्या दिव्याच्या संदर्भात पुढील कोड वारंवार दिसतात :

पी०३०० : एकाहून अधिक सिलिंडरांत अनियमित मिसफायर.
पी०३०१ ते पी०३०४ : अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.
पी०३५१ ते पी०३५४ : त्या त्या क्रमांकाच्या कॉइलच्या विद्युत मंडलात दोष.
पी०२०१ ते पी०२०४ : त्या त्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या मंडलात दोष.
पी०१७१ : मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी.
पी०४२० : कन्व्हर्टरची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी.

कोड दोषाची जागा दाखवतो, कारण सांगत नाही, हे सूत्र सर्वांत महत्त्वाचे. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकले, एवढेच. ते प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की व्हॉल्व्हमुळे, हे तपासूनच ठरवावे लागते. कोडबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ही वाचून घ्यावी. दोष नोंदला त्या क्षणीची इंजिनाची गती, भार, कूलंटचे तापमान आणि गाडीचा वेग तिच्यात साठवलेला असतो. कोड पुसला किंवा बॅटरीची तार काढली की हा पुरावा नाहीसा होतो. म्हणून आधी सर्व लिहून घेणे किंवा पडद्याचे छायाचित्र काढणे, मगच पुढचे काम.

एकाच सिलिंडरचा कोड असेल, तर अदलाबदलीची चाचणी सर्वांत स्वस्त आणि विश्वासार्ह. समजा पी०३०१ आला आहे. इंजिन बंद व गार असताना पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवावी, कोड पुसावा आणि गाडी थोडी चालवून पाहावी. आता पी०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी०३०१ कायम राहिला, तर कॉइल निर्दोष. मग याच रीतीने प्लगची अदलाबदल करावी. तरीही दोष हलला नाही, तर इंजेक्टर आणि त्यानंतर कॉम्प्रेशनची चाचणी. दुसरा सुटा भाग विकत न घेता निष्कर्ष हाती येतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. ज्या मोटारींत दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल असते, तेथे मात्र ही चाचणी वेगळ्या रीतीने करावी लागते.

बाहेर काढलेला प्लगही बरेच सांगतो. टोकावर फिकट तपकिरी रंग हे निरोगी ज्वलनाचे लक्षण. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे इंधन पोचले, पण ठिणगी पडली नाही किंवा दाब अपुरा आहे. तेलकट काळा थर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलची झीज सुचवतो. पांढुरके टोक मिश्रणात इंधन कमी असल्याचे किंवा अतिउष्णतेचे चिन्ह असू शकते. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असल्याचा संशय घ्यावा.

अनेक सिलिंडरांचा कोड असेल, तर एकेक कॉइल बदलत बसण्यात अर्थ नाही. सर्वांना समान असलेल्या गोष्टी पाहाव्यात : इंधनाचा दाब, पेट्रोलची प्रत, हवेची गळती आणि क्रँकशाफ्टचा संवेदक. पी०३०० सोबत पी०१७१ दिसला, तर हवेची गळती किंवा इंधनाचा अपुरा दाब या दोन शक्यता पुढे येतात. हवेची गळती शोधण्यासाठी नळ्यांत धूर सोडून तो कोठून बाहेर पडतो ते पाहण्याची यंत्रे चांगल्या गॅरेजांत असतात. कॉम्प्रेशनच्या चाचणीत सर्व सिलिंडरांचे आकडे परस्परांच्या जवळ असावे लागतात. एखादा ठळकपणे कमी असेल, तर तिथे यांत्रिक दोष आहे.

एक जुनी पद्धत मात्र टाळायला हवी. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची तार काढून ‘कोणता सिलिंडर काम करत नाही’ हे पाहण्याची रीत कार्ब्युरेटरच्या काळात चालून गेली. आजच्या इग्निशनमध्ये २० हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो. शिवाय ठिणगी तोडलेल्या सिलिंडरचे सारे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. हीच तपासणी स्कॅनरवरून इंजेक्टर बंद करून सुरक्षितपणे करता येते.

दुरुस्ती आणि तिची खातरजमा

प्लग बदलायचे झाल्यास सर्व एकदम बदलावेत आणि मालकपुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारचे घ्यावेत. निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर टिकतात, इरिडियमचे बरेच अधिक. नेमका आकडा मोटारीच्या पुस्तिकेतून घ्यावा. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने प्लग गार इंजिनावर आणि ठरवलेल्या टॉर्कनेच कसावेत, नाहीतर आटे खराब होतात. कॉइल एकच खराब असेल, तर एकच बदलली तरी चालते. मात्र एकाच वयाच्या इतर कॉइलही मागोमाग जाऊ शकतात, हे ध्यानात ठेवावे. पाण्याच्या संशयाचे पेट्रोल असेल, तर टाकी रिकामी करून स्वच्छ करणे हाच उपाय. वरून नवे इंधन ओतून ते सौम्य करण्याने तळातले पाणी जात नाही.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी गार अवस्थेपासून पूर्ण तापेपर्यंत चालवावी आणि ज्या परिस्थितीत दिवा लुकलुकला होता, तशाच परिस्थितीत काळजीपूर्वक चाचणी घ्यावी. चढावर दोष आला असेल, तर सपाट रस्त्यावरच्या फेरीने काही सिद्ध होत नाही. बऱ्याच स्कॅनरांत प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरची चालू मोजणी दिसते. ती शून्याच्या आसपास राहिली पाहिजे. दोष खरोखर गेला असेल, तर कोड न पुसताही संगणक सामान्यतः सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपणहून विझवतो.

यानंतर कन्व्हर्टर शाबूत आहे का, हे पाहावे. काही आठवड्यांनी पी०४२० आला, इंजिन उंच गतीला ओढेनासे झाले, खालून खडखडाट ऐकू आला किंवा कुजक्या अंड्यासारखा वास राहिला, तर त्याला इजा झाली असण्याची शक्यता आहे. येथे क्रम चुकवू नये. मिसफायरचे मूळ कारण दूर केल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही त्याच मार्गाने जातो. ‘कन्व्हर्टर काढून टाकू, पिकअप वाढेल’ हा सल्ला कोणी दिला, तर तो नाकारावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या गाडीचा विषारी धूर आपल्याच वाड्यावर सुटतो.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

ग्राहकाने मेकॅनिकला यंत्रशास्त्र शिकवण्याची गरज नाही, पण चार प्रश्न अवश्य विचारावेत. कोणते कोड आले आणि त्यांची नोंद मिळेल का? हाच भाग खराब आहे, हे कोणत्या चाचणीवरून ठरले? काढलेला जुना भाग परत मिळेल का? बसवलेला भाग अस्सल आहे का आणि त्यावर हमी किती? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट ‘स्कॅनरने सांगितले म्हणून बदलले’ एवढेच उत्तर मिळाले, तर तपासणी अर्धवट झाली असे समजावे. वॉरंटीत असलेली गाडी आधी अधिकृत केंद्राकडेच न्यावी.

अपवाद आणि विशेष बाबी

सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींत वायूचे मिश्रण पेटवण्यास अधिक व्होल्टचा दाब लागतो, त्यामुळे प्लग आणि कॉइलची दुर्बलता आधी उघडी पडते. दिवा सीएनजीवर लुकलुकत असेल आणि पेट्रोलवर इंजिन सुरळीत चालत असेल, तर दोष ठिणगीच्या काठावरच्या क्षमतेत किंवा वायूच्या पुरवठ्यात शोधावा.

डिझेल मोटारीत स्पार्क प्लग नसतात. तेथे काही कंपन्या ग्लो प्लगचा वेटोळ्यासारखा दिवा लुकलुकवून इंजिनाचा दोष दाखवतात, तर धुराच्या गाळणीचा, म्हणजे डीपीएफचा, दिवा निराळाच असतो. अनेक दुचाकींत उघडझापीची संख्या हाच दोषाचा सांकेतिक क्रमांक असतो. म्हणून या लेखातील विवेचन तेथे जसेच्या तसे लावू नये. मालकपुस्तिका पाहावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही या दिव्याकडे लक्ष द्यावे. चावी ‘ऑन’ केल्यावर तो पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळीच पेटत नसेल, तर दोष लपवण्यासाठी दिवाच निकामी केला असण्याची शक्यता असते. काही कंपन्यांच्या मोटारींत, इंजिन सुरू न करता चावी काही सेकंद ‘ऑन’ ठेवल्यावर दिवा लुकलुकला, तर संगणकाच्या चाचण्या अजून पूर्ण झालेल्या नाहीत असा अर्थ होतो. कोड नुकतेच पुसले असतील किंवा बॅटरी काढली असेल, तरी असे घडते. अशा वेळी स्कॅनर लावून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

दोष टाळण्यासाठी

प्लग, हवेचा फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर ठरल्या अंतरावर बदलणे, पावसाळ्यापूर्वी कॉइलच्या जोडण्या आणि रबरी टोपणे तपासून घेणे, टाकी तळाला जाऊ न देणे, इंजिनावर पाण्याचा जोरदार फवारा न मारणे आणि महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अधूनमधून चालवणे, एवढ्या सवयी बहुतेक मिसफायर टाळतात. परदेशी किंवा जहाजावर असलेल्यांच्या घरी पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाड्यांना हा शेवटचा नियम विशेष लागू पडतो. लांबच्या प्रवासाला काढण्यापूर्वी अशा गाडीतील तारा उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, हे बॉनेट उघडून पाहावे आणि पेट्रोल फार जुने झाले असेल तर ते बदलून घ्यावे. एवढे करूनही दिवा लुकलुकलाच, तर पाय हलका करावा, सुरक्षित जागी थांबावे आणि कोड वाचल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये.